नळीवरून नाही, बुचावरून

(दृश्य : पुणे. खिडकीबाहेर पाऊस. टेबलावर सूक्ष्मदर्शक आणि कालवाचं शिंपलं.)

पुण्याला समुद्र नाही. तरी आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं प्रादेशिक केंद्र आहे, आणि या टेबलावर कोकणच्या खडकावरचं हे कालव आहे. त्याला चिकटलेल्या खडूसारख्या वाकड्यातिकड्या नळ्या किनाऱ्यावर गेलेल्या प्रत्येकाने पाहिल्यात. ही घरं पॉलिकीट कृमींची, गांडुळाच्या समुद्रातल्या भावकीची.

नळी चुन्याची असली तर कृमी बहुधा सर्प्युलिड कुळातला. चिखल-वाळू चिकट स्रावाने लिंपलेली, लवचीक असली तर सॅबेलिड कुळातला. डायोपॅट्रा नावाची आणखी एक पॉलिकीट कृमी तर नळीच्या तोंडाशी शिंपल्यांचे तुकडे लावते. पण नळीवर विसंबून फसायला होतं. व्हर्मेटिड गोगलगायीही अशाच चुन्याच्या नळ्या करतात. फक्त त्या आतून चकचकीत असतात.

म्हणून कृमी बाहेर काढायचा, आणि तोही सबुरीने. जिवंत असताना थेट फॉर्मेलिनमध्ये टाकला तर आखडतो. आधी मॅग्नेशियम क्लोराइडची गुंगी द्यावी लागते.

(दृश्य : भिंगाखाली पिसांसारखा तुरा.)

हा तुरा श्वासासाठी आणि अन्न गाळण्यासाठी. त्यातल्याच एका काडीचं झालंय बूच. कृमी आत शिरला की दार बंद! हायड्रॉइडिस या सर्प्युलिड प्रजातीचं बूच बघत राहावं असं असतं: खाली दातेरी कडेचं नरसाळं, वर काट्यांचा मुकुट. मग शूक, म्हणजे अंगावरचे राठ केस. छातीच्या भागात केसांसारखे शूक वरच्या बाजूला, बारीक आकडे खाली. पोटाच्या भागात नेमकं उलट. सर्प्युलिड आणि सॅबेलिड, दोघांतही ही अदलाबदल दिसते.

इतकं का बघायचं? उष्ण बंदरांत जहाजांच्या तळाला थर धरणाऱ्या एका हायड्रॉइडिसला वर्षानुवर्षं ‘नॉर्वेजिका’ म्हटलं गेलं. ते नाव १७६८ सालचं, उत्तर युरोपातल्या जातीचं. बंदरातली जात निराळी, ‘एलेगन्स’. तिचं वर्णन १८८३ मध्येच सिडनीच्या नमुन्यांवरून झालं होतं. दोघींमधला गोंधळ १९७१ मध्ये सुटला, तो बुचावरचे काटे आणि गळपट्टीवरचे, म्हणजे तुऱ्याखालच्या कॉलरसारख्या घडीवरचे, शूक ताडून. कुठली जात कुठून कुठे पसरली, याचा सगळा हिशेब त्या काट्यांवर अवलंबून होता.

(दृश्य : चिठ्ठी लिहिणारा हात.)

आपल्या नमुन्याचं बूच तुटलंय. गळपट्टीचे शूक अजून पाहायचे आहेत. तोवर चिठ्ठीवर पेन्सिलीने एवढंच: सर्प्युलिड, जात अनिश्चित.