गच्चीवर चढणारी दुर्बीण

माझ्यासमोर आहे ते खोके मी गेली अनेक वर्षे जपून ठेवले आहे. त्यावर शनीचे रंगीत छायाचित्र आहे आणि खाली ठळक अक्षरांत ‘५२५ पट’ असे छापलेले आहे. माझी पहिली दुर्बीण या खोक्यातून आली. सोलापुरातल्या आमच्या घराच्या गच्चीवर मी ती मोठ्या अपेक्षेने उभी केली, शनीवर रोखली आणि अर्धा तास डोळा लावून बसलो. दिसला तो एक थरथरणारा, पिवळसर डाग. दुर्बीण बिघडलेली नव्हती. खोक्यावरचा आकडाही हिशेबाने खोटा नव्हता, आणि फसगत नेमकी तिथेच होती.

तो हिशेब असा. दुर्बिणीच्या मुख्य भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून प्रतिमा जिथे उमटते तिथपर्यंतचे अंतर, ७०० मिलिमीटर होते. आपण जिला डोळा लावतो ती नेत्रिका, म्हणजे बाजारातला आयपीस, ४ मिलिमीटरची होती. सातशेला चाराने भागले की १७५ येतात, आणि खोक्यात प्रतिमा तिप्पट करणारे आणखी एक भिंग दिलेले होते, म्हणून ५२५. ही वर्धनक्षमता कोणत्याही दुर्बिणीला नेत्रिका बदलून हवी तितकी देता येते. मात्र मुख्य भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका असेल त्याच्या साधारण दुपटीपलीकडे वर्धन नेले, तर प्रतिमा केवळ मोठी, अंधूक आणि पुसट होत जाते. माझ्या भिंगाचा व्यास ६० मिलिमीटर होता. त्याची झेप १२० पटींपर्यंतच होती आणि पुढचे सगळे आकडे खोक्यावरचेच होते.

म्हणून दुर्बीण घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो व्यासाचा. दुर्बीण मुळात प्रकाश गोळा करण्याचे यंत्र आहे. काळोखात पूर्ण उघडलेली तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरची असते. ७० मिलिमीटरचे भिंग तिच्या शंभरपट प्रकाश गोळा करते, तर १३० मिलिमीटरचा आरसा जवळपास ३४५ पट. व्यास दुप्पट झाला की प्रकाश चौपट होतो, आणि बारकावे वेगळे दाखवण्याची शक्तीही व्यासाबरोबरच वाढते.

भिंग की आरसा, हा वाद हौशी मंडळींत रात्र संपेपर्यंत चालतो. भिंगाची दुर्बीण फारशी देखभाल मागत नाही, परंतु स्वस्त भिंगातून चंद्राच्या कडेला जांभळट झालर दिसते, कारण भिंगात वेगवेगळ्या रंगांचे किरण वेगवेगळ्या अंतरावर एकत्र येतात. न्यूटनने १६६८ साली आरशाची दुर्बीण केली ती हाच दोष टाळण्यासाठी. आरशाच्या दुर्बिणीत तेवढ्याच पैशांत मोठा व्यास मिळतो. त्या बदल्यात तिचे दोन आरसे अधूनमधून एकमेकांशी जुळवून घ्यावे लागतात. हे काम ऐकायला अवघड वाटते, पण दोन-तीनदा केले की हाताला सवय होते.

आता दुर्बिणीच्या पायांकडे पाहू, कारण माझ्या शनीचा डाग खरा तिथे झाला होता. तिची तिकाटणी इतकी हलकी होती की नेत्रिकेला हात लागला की प्रतिमा कितीतरी वेळ डोलत राही, आणि सोलापूरच्या गच्चीवर संध्याकाळी जो वारा सुटतो तो तर हाताचीही वाट पाहत नाही. ज्याला आपण माउंट म्हणतो ती बैठक डळमळीत असेल, तर उत्तम आरसाही व्यर्थ आहे. आपल्याच जिल्ह्यातले जेऊर या बाबतीत आठवते. २२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणासाठी पुण्याहून खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेतून कॅम्पबेल तिथे आले होते. जेमतेम दोन मिनिटांच्या खग्रास अवस्थेसाठी कॅम्पबेल यांच्या चमूने ४० फूट नाभीय अंतराचा कॅमेरा माळावर उभारला होता. एवढ्या लांबीच्या यंत्राला हादरा चालत नाही, आणि आपल्या हातभर लांबीच्या यंत्रालाही तो चालत नाही.

अमेरिकेत जॉन डॉब्सन यांनी रूढ केलेली साधी लाकडी बैठक नवशिक्यासाठी म्हणूनच मोलाची आहे. तिच्यात नळी एका पेटीत टेकलेली असते, ती हाताने वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवायची, आणि सोडाल तिथे ती थांबते. याउलट ध्रुवाकडे रोखावी लागणारी विषुववृत्तीय बैठक दुकानात भारदस्त दिसते. सोलापूरचे अक्षांश सुमारे १७.७ अंश आहेत, त्यामुळे तिचा अक्ष ध्रुवताऱ्यापर्यंत बराच खाली झुकवावा लागतो, आणि काही स्वस्त बैठकींत मग तोल साधणाऱ्या वजनाचा दांडा तिकाटणीच्या पायावर आपटतो. छायाचित्रणाकडे वळायचे असेल तेव्हा तिचा विचार करावा. पहिल्या वर्षी तरी ती डोकेदुखीच ठरते.

एवढे झाले की उरतो तो जिना. दुसऱ्या मजल्यावरच्या गच्चीचा अरुंद जिना रोज कोण चढणार आहे आणि हातात किती वजन घेऊन, हे आधी ठरवावे. टेबलावर ठेवता येणारी १३० मिलिमीटरची डॉब्सन दुर्बीण साधारण ६ ते ७ किलोची असते आणि एका खेपेत वर जाते. २०० मिलिमीटरची दुर्बीण आकाश कितीतरी अधिक दाखवते, पण तिचे वजन पंचवीस किलोच्या आसपास जाते, आणि मग ती पाहुण्यांना दाखवण्याची वस्तू होऊन बैठकीच्या खोलीतच राहते. माझे मत विचाराल तर पहिली दुर्बीण १३० मिलिमीटर आरशाची, बुटक्या लाकडी बैठकीवरची असावी. ज्यांना आरसे जुळवण्याचा खटाटोप अजिबात नको, त्यांनी ७० किंवा ८० मिलिमीटरच्या भिंगाची घ्यावी, मात्र पाय दणकट असलेली. आणि ज्यांचे अजून नक्की ठरत नाही, त्यांनी दहा पट वर्धनाची, ५० मिलिमीटर भिंगांची द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, घ्यावी. कृत्तिका तिच्यातून जितक्या देखण्या दिसतात तितक्या मोठ्या दुर्बिणीतून दिसत नाहीत, कारण मोठ्या दुर्बिणीत त्या सगळ्या एकदम मावत नाहीत.

दुर्बिणीतून काय दिसेल, याचीही स्पष्ट कल्पना हवी. ६५ पटींना शनीचे कडे स्वच्छ वेगळे दिसते. २०२५ साली ते आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसत होते. पुढची काही वर्षे ते अधिकाधिक उघडत जाणार आहे. गुरूचे दोन गडद पट्टे आणि चार उपग्रह दिसतात, तेच उपग्रह जे गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिले. मृगातला तेजोमेघ मात्र छायाचित्रासारखा गुलाबी दिसत नाही, तो राखाडी, किंचित हिरवट धुक्यासारखा दिसतो, कारण मंद प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग ओळखता येत नाहीत. शहराचे दिवे मागे टाकून बार्शी रस्त्याने नान्नजच्या बाजूला, माळढोक अभयारण्याची हद्द सोडून एखाद्या ओळखीच्या शेतात गेले, तर तेच धुके दुपटीने पसरलेले भासते. दक्षिणेकडे अगस्त्य तारा क्षितिजापासून सुमारे वीस अंश वर येतो, जो युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांना घरून दिसतच नाही.

एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत ऊब सोडत राहतो. त्या वर उठणाऱ्या हवेतून ग्रह उकळत्या पाण्यातल्या नाण्यासारखा हलतो. अशा वेळी दोष दुर्बिणीला देऊ नये. ती अर्धा तास आधी उघड्यावर ठेवावी, आणि जमल्यास पहाटे पाहावे. पावसाळ्यात आकाशही मिळत नाही आणि आरशावर बुरशीही धरते, म्हणून नळीला झाकण लावून सिलिका जेलच्या पुडीसह ती कोरड्या जागी ठेवावी. वरून सोलापुरी चादर खुशाल टाकावी. टॉवेल मात्र, तो कितीही मऊ असला, तरी आरशावर कधीही फिरवू नये. धूळ रबरी फुग्याच्या हवेने उडवावी आणि थोडी राहिली तर राहू द्यावी.

सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखू नये. नेत्रिकेवर बसवायची काळी काच काही स्वस्त संचांत येते. ती उष्णतेने तडकू शकते आणि डोळा क्षणात जाऊ शकतो, म्हणून ती काच हाती येताच फेकून द्यावी.

पहिल्या दिवशी उजेड असतानाच, सूर्य दुसऱ्या बाजूला आहे याची खात्री करून, दूरच्या एखाद्या मोबाइल टॉवरवर नळी रोखावी आणि वरचा शोधक, म्हणजे नेम धरण्याचे छोटे साधन, त्याच टोकावर जुळवून घ्यावा. मग अंधार पडल्यावर कमी वर्धनाची, म्हणजे २५ मिलिमीटरची नेत्रिका लावून चंद्रापासून सुरुवात करावी. माझ्या दुसऱ्या, ६५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीच्या पहिल्या रात्री शेजारच्या काकू कठड्यापलीकडून पाहत होत्या. त्यांना बोलावले, १० मिलिमीटरची नेत्रिका लावून चंद्र मधोमध आणून दिला आणि मी बाजूला झालो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग दचकून मागे सरकत म्हणाल्या, ‘‘अहो, हे पळालं की!’’ चंद्र खरोखरच काठाला गेला होता, कारण ६५ पटींना पृथ्वीचे फिरणेही तेवढेच वाढून दिसते. मी त्यांचा हात नळीवर ठेवला आणि हलकेच ढकलायला सांगितले. आरशात दिशा उलट्या असल्यामुळे पहिल्यांदा त्यांनी ती भलतीकडेच नेली. दुसऱ्या खेपेला चंद्र पुन्हा मधोमध आला, आणि त्यानंतर त्यांनी मला नळीला हात लावू दिला नाही.