हायड्रा कापला, मग आत्म्याचं काय झालं?

दहावीला हायड्राची आकृती काढलेली आठवतेय? अंगावर कळी घेऊन बसलेला, डोक्यावर पाच-सहा हात. ह्या एवढ्याशा जिवाने एकेकाळी युरोपातल्या भल्याभल्यांची झोप उडवली होती.

साल १७४०, हॉलंड. हेगजवळ सोर्गव्लिटच्या इस्टेटीत जिनिव्हाचा अब्राहम त्रांब्ले एका सरदाराच्या दोन पोरांची शिकवणी घेतोय. उन्हाळ्यात बरणीत चराचं पाणी भरून आणलं तर पाणवनस्पतींना चिकटलेलं काहीतरी हिरवं दिसलं, बोटाच्या पेराएवढंही नाही. झाडच असणार असं वाटतंय तोवर त्याचे हात हलले, आणि बरणी फिरवून ठेवली की स्वारी हळूहळू परत उजेडाकडे!

मग त्याने साधा हिशोब लावला, कापून बघू, दोन्ही तुकडे जगले तर झाड, नाहीतर प्राणी. २५ नोव्हेंबरला कात्री चालवली. दोन्ही जगले, खालच्या तुकड्याला नवे हातसुद्धा फुटले. म्हणजे झाड? पण हे तर किडे पकडून गिळतंय, जागा बदलतंय! पुढे पठ्ठ्याने डुकराच्या राठ केसाने मोजा उलटावा तसा आख्खा हायड्रा उलटा केला, तरी जगला.

आणि इथेच पंचाईत झाली. आत्म्याचे तुकडे होत नाहीत असं मानायची पद्धत, मग ह्या प्राण्यात आत्मा असेल तर तो कात्रीने दोन झाला का? बरं, फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त म्हणायचा तसं प्राणी म्हणजे नुसतं यंत्र धरलं, तर घड्याळ कापून कधी दोन घड्याळं झालीत?

त्रांब्ले स्वतः श्रद्धाळू, त्याने बघितलं ते लिहिलं आणि आत्म्याच्या भानगडीत पडलाच नाही. पडला तो ला मेत्री, फ्रेंच सैन्यातला डॉक्टर. १७४४ ला फ्रायबुर्गच्या वेढ्यात त्याला जोराचा ताप भरला आणि अंग खचलं तसा विचारही खचतोय हे त्याने स्वतःवरच अनुभवलं. १७४७ च्या शेवटी हॉलंडमधल्या लायडनला त्याचं ‘माणूस एक यंत्र’ हे पुस्तक निघालं, लेखकाचं नाव न छापता अर्थात. त्यात त्रांब्लेचा हायड्रा आहे, आणि गरम टेबलावर ठेवलं तर तासभर धडधडत राहणारं बेडकाचं काढलेलं काळीजही. त्याचं म्हणणं, हालचाल मांसातच आहे, बाहेरून कोणी ढकलायला नको, माणूस म्हणजे स्वतःला चावी देणारं यंत्र. बेडकावरून थेट माणसाच्या विचारांवर उडी म्हणजे जरा लांबचीच, पण गडी डेरिंगबाज.

हॉलंडमध्ये बोंबाबोंब झाली तसा तो बर्लिनला प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या आसऱ्याला पळाला. तिथे १७५१ मध्ये, ज्या फ्रेंच राजदूताला त्याने बरं केलं होतं त्याच्याच मेजवानीत पाटे (वाटलेल्या मांसाचा फ्रेंच पदार्थ) भरपूर हाणला, आजारी पडला आणि थोड्याच दिवसांत गेला. विरोधकांना तर आयतंच कोलीत मिळालं.