परग्रहावरचा पाव्हणा

श्रोतेहो, नमस्कार.

विज्ञानकथा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आगीचे लोळ सोडणारी यानं येतात, नाहीतर बारावीचं फिजिक्स. दोन्हींची धास्ती. त्यामुळे गावच्या ड वर्गाच्या वाचनालयात नारळीकरांचं पुस्तक असलं, तरी ते आत्मचरित्रांच्या मागे सरकलेलं असतं. आज मी बोलणार आहे ते तिसऱ्याच, सौम्य प्रकाराबद्दल. या विज्ञानकथांत जग वाचवायची कुणाला घाई नसते. एक माणूस असतो, त्याचं घर असतं, आणि एखादी नवी गोष्ट त्याच्या दाराशी येते.

क्लिफर्ड सिमॅक नावाचा अमेरिकन लेखक १९०४ साली विस्कॉन्सिनच्या शेतीच्या मुलखात जन्मला. पुढे अनेक वर्षं त्यानं मिनियापोलिसच्या वर्तमानपत्रात नोकरी केली. त्याची 'वे स्टेशन' ही कादंबरी १९६३ची, आणि पुढच्याच वर्षी तिला विज्ञानकथांचा मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिचा नायक एनॉक हा अमेरिकेच्या यादवी युद्धात लढून आलेला शेतकरी. त्याच्या खेड्यातल्या घरात, कुणाच्या नकळत, ताऱ्यांमधून ये-जा करणाऱ्यांसाठी एक थांबा आहे. आपल्या फाट्यावरचा एसटीचा असतो तसा. जातायेता उतरणाऱ्या परग्रहवासीयांची बडदास्त एनॉक ठेवतो आणि प्रत्येकाची नोंद वहीत लिहितो. त्यातल्या एका मित्राला त्याच्या हातची कॉफी फार आवडते.

मला या पुस्तकातली सगळ्यात आवडलेली जागा सांगतो. घरात असेपर्यंत एनॉकचं वय वाढत नाही. शंभरी उलटून गेली तरी तो तिशीचा दिसतो. उंबऱ्याबाहेर घालवलेला वेळ तेवढा आयुष्यातून वजा होतो. तरी हा गडी रोज बाहेर पडतो, रानातून फिरून येतो, पोस्टमनशी दोन शब्द बोलतो. का, यावर लेखक प्रवचन झोडत नाही. आपण वाचता वाचता समजून घ्यायचं.

हरभऱ्यात रोही शिरतात म्हणून थंडीत जागल चालते, हे तुम्हाला सांगायला नको. तसल्याच एका रात्री शेकोटीपाशी ही गोष्ट मी शेजारच्या काकांना सांगितली. थांबा कसा चालतो, पाव्हणे कुठल्या ताऱ्यावरचे, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. म्हणाले, "मंग त्याचं वावर कोन वाह्यते?"

म्हटलं, काका, पडीत आहे.

"पडीत? शंभर वर्सं?" काकांना खरंच वाईट वाटलं. माझ्या मते अशी गोष्ट वाचायची रीत हीच.

आता कुणी म्हणेल, यात विज्ञान कुठे आहे? आहे, पण ओझ्यासारखं नाही. वेळ सगळीकडे सारख्या गतीनं चालत नाही, हे आइनस्टाइननं दाखवलं. जीपीएसच्या उपग्रहातली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. ती चूक दुरुस्त केली नाही, तर तुमच्या खिशातल्या मोबाइलवरचा नकाशा एका दिवसातच काही किलोमीटरनं चुकेल. इथपर्यंत भौतिकशास्त्र. पण बाप दूरच्या प्रवासाहून परत आला आणि दार उघडणारा मुलगा त्याच्यापेक्षा म्हातारा निघाला, तर आधी कोण कुणाच्या पाया पडेल? इथून गोष्ट सुरू होते. मराठीतलंच पाहा. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९७४ साली 'कृष्णविवर' (म्हणजे ब्लॅक होल) ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. नावाचा दबाव नको म्हणून. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं!

एक सांगतो, सौम्य म्हणजे गुळचट नव्हे. सगळीच पात्रं गोड, कुणाचं काही हरवत नाही, कुणी कुणावर रागावत नाही, असली पुस्तकं मी अर्ध्यात परत करतो. आणि वाचताना एखादा जड शब्द आला तर अडून बसू नका, पुढे चला. पहिल्या वीस पानांत लढाई झाली नाही म्हणून पुस्तक मिटूही नका.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात लोणारचं विवर आहे, अशनीच्या आघातानं काळ्या बेसॉल्ट खडकात पडलेलं. २०२०च्या जूनमध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं, तेव्हा सगळा महाराष्ट्र फोटो पाहत होता. त्यावर कुणी लिहिणार असेल तर अशनी पुन्हा पाडू नका. तिथल्या धारेच्या झऱ्याजवळ बोरं विकणारी एक बाई घ्या. आलेल्या गर्दीतलं कोण इथलं नाही हे तिनं ओळखलंय, आणि तरी ती त्याला मापात बोरं देते, वर दोन जास्तीची टाकते. अशी कथा कुणी लिहिली तर मला पहिल्यांदा वाचायला द्या. नमस्कार.