लाट गिळायची तर लाट उठवावी लागते

मित्रहो, टेबलावर ही परात ठेवली आहे, पाण्याने भरलेली. तिच्यात दोन रिकाम्या वाट्या तरंगताहेत. आता यातली एक बोटाने हलकेच दाबतो आणि सोडतो. पाहा, तिच्याभोवती वलयं उठली, दुसरीपर्यंत पोचली आणि तीही डोलायला लागली. तिला मी हात लावलेला नाही. समुद्राच्या लाटांपासून वीज करायला एकाऐवजी वीस यंत्रं सोडायची म्हटली, की सगळं घोडं इथेच येऊन अडतं: कुठली वाटी कुठे ठेवायची?

१९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि युरोपातल्या शास्त्रज्ञांचं लक्ष समुद्राकडे वळलं. एडिंबरा विद्यापीठात स्टीफन सॉल्टर यांनी ‘बदक’ म्हणून ओळखलं जाणारं डोलतं यंत्र बनवलं. तिकडे नॉर्वेत ट्रॉनहाइमला शेल बुडाल आणि योहान्नेस फाल्नेस यांनी त्यामागचं गणित मांडलं. त्यांचं सांगणं असं, की लाट चांगली शोषणारं यंत्र लाट उठवण्यातही पटाईत असावं लागतं. ऐकायला उलटंच वाटतं. पण बोया, म्हणजे नांगरून ठेवलेलं तरंगतं यंत्र, वर-खाली होतो तेव्हा तो स्वतःची लाट सोडत असतो. पुढे निघालेल्या लाटेच्या उंचवट्यावर या लाटेचा खळगा आला, की दोन्ही एकमेकींना पुसतात. जेवढं पुसलं गेलं, तेवढं बोयाच्या पदरात पडलं.

किती पडतं, तेही सांगतो. ८ सेकंदांनी येणारी लाट खोल समुद्रात सुमारे १०० मीटर लांब असते. वर-खाली होणारा एकटा बोया जास्तीत जास्त या लांबीला २π ने (सुमारे ६.२८ ने) भागून येणाऱ्या, म्हणजे १६ मीटर रुंदीच्या लाटेतली ऊर्जा घेऊ शकतो. मग बोया ५ मीटरचा का असेना! हे गणित पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता कागदाकडे बघत बसलो होतो.

आता शेजारी दुसरा बोया आणा. त्याची लाट पहिल्याला झोके देईल किंवा त्याचे झोके मारेल. सगळं अंतरावर अवलंबून. १९७७ साली बुडाल यांनी अशा समूहाचा सिद्धांत मांडला. दहा बोयांनी मिळून केलेली वीज एकट्या बोयाच्या दहापटीपेक्षा जास्त भरते का, हे त्यात मोजता येतं. जास्तही भरते, पण एका ठरावीक लांबीच्या आणि एका ठरावीक दिशेने येणाऱ्या लाटेसाठी. सगळ्या दिशांची सरासरी काढली, की आदर्श परिस्थितीतही इकडचं तिकडे होऊन हिशेब जिथल्या तिथे येतो. आणि खऱ्या समुद्रात एकाच वेळी दहा तऱ्हेच्या लाटा असतात. म्हणून मला स्वतःला त्या जादा विजेचं फारसं अप्रूप वाटत नाही. एकाची सावली दुसऱ्यावर पडू नये, एवढं साधलं तरी मी समाधानी असतो.

मांडणीचा खरा फायदा वेगळाच आहे. एकट्या बोयाची वीज प्रत्येक लाटेत दोनदा शून्यावर येते, वर टोकाला पोचल्यावर आणि खाली तळाला. दुसरा बोया लाटेच्या दिशेने पाव लांबी मागे, म्हणजे आपल्या उदाहरणात २५ मीटरवर ठेवला, तर पहिला थबकतो तेव्हा दुसरा ऐन वेगात असतो. दोघांची बेरीज जवळजवळ सपाट येते. लाटेची लांबी बदलली की हे अंतर चुकतं, म्हणून बऱ्याच रांगा थोड्या विस्कटून मांडायच्या.

स्पेनमध्ये बास्क किनाऱ्यावरच्या मुत्रिकू गावात २०११ पासून बंदराच्या भिंतीतच १६ कप्पे ओळीने आहेत, एकूण २९६ किलोवॉटचे. लाट आत शिरली की कप्प्यातली हवा ढकलली जाते आणि तिच्यावर टर्बाइन फिरतं. एक बंद पडलं तरी बाकीची फिरत राहतात. त्याआधी, २००८ मध्ये, पोर्तुगालच्या अगुसादोरा किनाऱ्यापासून ५ किलोमीटरवर तीन ‘पेलामिस’ उतरवली होती. शंभर मीटरहून जास्त लांबीची, सापासारखी सांध्यांवर वळणारी, प्रत्येकी ७५० किलोवॉटची यंत्रं. काही महिन्यांतच सांध्यांच्या बेअरिंगनी दगा दिला आणि तिन्ही ओढून बंदरात आणावी लागली. त्याच सुमाराला मालक कंपनी आर्थिक मंदीत सापडली आणि ती परत समुद्रात गेलीच नाहीत. दुरुस्तीसाठी झटकन सोडवून नेता येतील अशीच त्यांची रचना होती, याचं मात्र मला मनापासून कौतुक आहे.

आपल्या कोकणात काय? ऊर्जा लाटेच्या उंचीच्या वर्गाने वाढते. अर्धा मीटर उंचीच्या लाटेत रुंदीच्या दर मीटरमागे जेमतेम १ किलोवॉट, तर पावसाळ्यातल्या अडीच मीटरच्या लाटेत त्याच्या पंचवीसपट. म्हणजे वर्षाची बरीचशी कमाई त्या चार महिन्यांत, आणि नेमक्या त्याच दिवसांत होडी पाण्यात घालायची सोय नसते. काही बिघडलं तर उघडीप मिळेपर्यंत हात बांधून बसायचं. उरलेल्या आठ महिन्यांत त्याच पाण्यात मच्छीमारांची जाळी असतात. म्हणून कोकणासाठी आराखडा काढायला बसलो, की मी आधी लाटेची लांबी बघत नाही. दोन बोयांच्या मधून, नांगराच्या दोरांत न अडकता, एक ट्रॉलर जाळं ओढत वळू शकेल का, ते अंतर कागदावर आखतो, आणि मग गणिताला बसतो.