टँकमधला उंदीर आणि पडद्यावरचा त्रिकोण

लातूरमधल्या एका फार्मसी कॉलेजची ही लॅब. उंदराला जागा किती लक्षात राहते आणि औषधानं त्यात काय फरक पडतो, ते इथं त्याला पाण्यात पोहायला लावून बघतात. मे महिना. खोलीच्या मधोमध सव्वा मीटर रुंदीचा गोल टँक, त्यात साधारण साडेतीनशे लिटर पाणी. लातूरात एवढं पाणी म्हणजे काय, ते २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा घागरी घेऊन उभं राहिलेल्यांना विचारा, त्यामुळं टँक एकदा भरला की दिवसभराच्या सगळ्या ट्रायल त्याच पाण्यात उरकायच्या.

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात नळातूनच गरम येतं, आणि कोमट पाणी मिळालं की उंदीर निवांत तरंगत बसतो, बाहेर पडायची घाईच करत नाही. म्हणून बर्फाच्या पिशव्या सोडून पाणी बावीस-तेवीस डिग्रीवर आणायचं. मग विषारी नसलेला पांढरा रंग कालवायचा. दुधाची पावडर पण चालते, पण आपल्याकडं दुपारपर्यंत वास सुटतो. या पांढऱ्या पाण्याखाली एक सेंटीमीटरवर पाय टेकायला छोटा प्लॅटफॉर्म असतो, तो उंदराला दिसत नाही, शोधावा लागतो.

ही पद्धत मेंदूशास्त्रज्ञ रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये मांडली, ती मोठ्या उंदरांवर, म्हणजे रॅटवर. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला इजा झालेला रॅट लपलेला प्लॅटफॉर्म नीट शिकू शकत नाही, पण तोच प्लॅटफॉर्म पाण्याच्या वर दिसत असला की गाठतो. म्हणजे पोहणं येतंय, डोळे ठीक आहेत, अडतंय ते जागा लक्षात ठेवण्यात.

आता हा काळा उंदीर बघा. पहिला दिवस, कडेकडेनं नुसता गोल गोल पोहतोय, साठ सेकंद संपले. त्याला हातानं प्लॅटफॉर्मवर नेलं, पंधरा सेकंद तिथंच ठेवलं. अंग थरथरतंय, पण मान वर करून तो टँकभोवतीच्या पडद्याकडं बघतोय, एकीकडं काळा त्रिकोण, समोर पट्ट्यांचा चौकोन. शेतातल्या माणसाला जसा बांधावरचा लिंब, तशा त्याच्या या खुणा.

या खुणांचं महत्त्व आमच्या बॅचला फार वाईट पद्धतीनं कळलं. चौथ्या दिवशी सकाळी झाडताना कुणीतरी चित्रं काढली आणि परत लावताना बाजू बदलल्या, आणि पंधरा सेकंदात पोचणारे उंदीर भलतीकडंच शोधायला लागले. आम्हाला वाटलं औषधानं विसरायला लागले, दोन दिवस त्याच भ्रमात गेले. सगळी रीडिंग टाकून द्यावी लागली आणि त्या जिवांना उगाच पोहायला लावलं याचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटच्या दिवशी प्लॅटफॉर्म काढून घेतात. टँकचे मनानं चार भाग करायचे, काहीच आठवत नसलं तर प्रत्येक भागात सरासरी २५ टक्के वेळ जाईल. उंदीर पाण्यात सोडला. तो सरळ त्रिकोणाच्या बाजूला गेला, नेमक्या त्या जागी वळला, पुढं जाऊन परत वळला, पाय टेकायला काहीच नाही तरी तिथंच घिरट्या घालतोय.

साठ सेकंद झाले. टॉवेल घ्या, कान आधी पुसा.