तिबेटी घरात राहायला जाताय? पहिल्या रात्री हा प्रश्न विचारू नका

नमस्कार मंडळी! हिमाचलात धरमशालेच्या वर असलेल्या मॅक्लिओडगंजच्या व्हिडिओखाली कॉलेजच्या पोरापोरींचा एकच धोशा चाललाय: "ताई, तिबेटी कुटुंबाकडे राहायचंय, कसं जमवायचं?" त्यात ती नवीन रील्सची लाट. 'तिबेटी आजीसोबत एक दिवस', मागे बासरी. त्या रील्सवर मी येणारच आहे. आधी सोपं ते उरकते.

पठाणकोटला उतरा, पुढे धरमशालेपर्यंत बस. नाहीतर दिल्लीत मजनू का टिला नावाची तिबेटी वस्ती आहे, तिथून रात्रीची बस थेट मॅक्लिओडगंजला सोडते. राहायची सोय कॉलेजमार्फत किंवा तिथल्या सामाजिक संस्थांमार्फत करा. पैसे किती, त्यात जेवण धरलंय का, हे आधी विचारा. लाजू नका. शाकाहारी असाल तर निघण्याआधीच कळवा, थुक्प्याचं, म्हणजे तिबेटी नूडल सूपचं, पाणी बरेचदा मांसाचं असतं. मे-जूनमध्ये वर पाण्याची बोंब असते, एका बादलीत आंघोळ. देव्हाऱ्याकडे पाय करून झोपायचं नाही, पण हे मराठी घरातल्या मुलांना मी काय सांगणार! झालं.

हां, न्यू जर्सीच्या एक काकू विचारतायत, मुलाकडे अमेरिकन पासपोर्ट आहे, चालेल का? चालेल. पण परदेशी पाहुणा आला की यजमानाला त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, पूर्वी याला सी-फॉर्म म्हणायचे. त्यामुळे पोहोचल्यावर पासपोर्ट आणि व्हिसा लगेच दाखवायचा, 'उद्या देतो' नाही.

आता मुद्द्याचं. पहिल्या रात्री जेवताना, "तुम्ही तिबेटमधून कसे पळून आलात?" हे विचारायचं नाही. मोबाइल समोर धरून तर अजिबातच नाही.

का? एक तर समोरची बाई बहुतेक करून पळून आलेलीच नसते. दलाई लामा भारतात आले 1959 च्या मार्चमध्ये आणि 1960 पासून धरमशालेत आहेत. हिशेब करा. आज घर चालवणारी अमाला, म्हणजे घरातली आई, तिला सगळे अमालाच म्हणतात, ती बरेचदा इथेच जन्मलेली, इथल्याच तिबेटी शाळेत शिकलेली असते. आमच्या गटातल्या एकाने थुक्प्याचा पहिला घोट पोटात जायच्या आत विचारलं, "आंटी, आपने हिमालय कैसे पार किया?" अमाला म्हणाली, "बस से, बेटा. लेह गयी थी, बहुत उल्टी हुई." तिचा जन्म कांगड्याचा! आणि मग "म्हणजे तुम्ही भारतीयच ना?" असंही विचारू नका, ते प्रकरण आणखी किचकट आहे. 1 जुलै 1987 च्या आधी भारतात जन्मलेला माणूस कायद्याने जन्मतः नागरिक. त्यानंतर जन्मला आणि आईवडील दोघंही नागरिक नसतील, तर नाही. म्हणजे मोठी बहीण मतदान करू शकते आणि धाकटा भाऊ आरसीवर, म्हणजे परदेशी माणूस म्हणून मिळणाऱ्या नोंदणी पुस्तिकेवर, राहतो, असं एकाच घरात होऊ शकतं. हे जेवणाच्या ताटावर उकरायचं?

बरं, समजा ती खरंच तिकडून आलेली आहे. मग तर मुळीच विचारू नका. 2008 पर्यंत दरवर्षी दोन-तीन हजार माणसं डोंगर ओलांडून येत होती, त्यांत आईवडिलांनी एकटी पाठवलेली लहान मुलंही असत. ती मुलं आज तिशी-चाळिशीत आहेत आणि आईवडील तिकडेच. बोलणं व्हायचं ते वीचॅट या चिनी अ‍ॅपवर, तेही कुणीतरी ऐकत असणार हे धरूनच. 2020 च्या जूनमध्ये भारताने वीचॅट बंद केलं. आपल्याला बातमी वाटली, इथे कित्येकांचा घराशी धागा तुटला. आता अशा बाईचा चेहरा, नाव आणि गावासकट तुम्ही रील टाकता. लाइक्स तुम्हाला, आणि चौकशी तिच्या तिकडच्या भावाची. "पण ताई, त्या स्वतः हो म्हणाल्या!" अरे, पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? तुझी आई म्हणाली असती का?

आणि तिसरं. समजा ना धोका आहे, ना दुःख. तरी विचारू नका, कारण दर सुट्टीत नवा गट येतो आणि दर गटात एकजण डोळे मोठे करून हेच विचारतो. आपल्याकडे लग्नात भेटणारी प्रत्येक मावशी 'पॅकेज किती?' विचारते तेव्हा कसं होतं? तसंच. तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल. कणीक मळताना सांगेल, कोऱ्याला, म्हणजे मंदिराच्या प्रदक्षिणेला, सोबत नेईल तेव्हा सांगेल. नाही सांगितलं तर नाही.

"मग बोलायचं तरी काय?" ही कॉमेंट येणारच. स्वेटरवर बोला! मी गंमत करत नाहीये. थंडीत मुंबई, पुणे, नागपूरला जे तिबेटी स्वेटरवाले दिसतात ना, त्यांतल्या कुणाचं घर या डोंगरात असू शकतं. लुधियानाहून घाऊक माल उचलायचा, थंडीभर विकायचा आणि परतायचं. यंदा उधारी किती बुडाली एवढं विचारून बघा, रात्र पुरणार नाही. आमची एक अमाला "शेवटचं बोला, किती देणार?" हे इतक्या सफाईने म्हणते की मी तिच्याशी घासाघीस करूच शकत नाही. म्हणूनच डिसेंबरात जाऊ नका. मंडळी आपल्याच गावात दुकान मांडून बसलेली असतात, घरी फक्त म्हातारी माणसं.

एका दादांनी लिहिलंय, "एवढं लांब कशाला, गोंदियात आहे की!" खरंय हो. गोठणगावाजवळ, प्रतापगडच्या बाजूला नोर्ग्येलिंग ही वसाहत 1972 पासून आहे. पण दादा, आजचा विषय डोंगरातल्या घरांचा आहे, विदर्भातल्या उन्हाचा व्हिडिओ वेगळा करू.

आणि 10 मार्चच्या आसपास पोहोचणार असाल तर तो 1959 च्या चीनविरुद्धच्या तिबेटी उठावाचा दिवस. तिबेटी दुकानं बंद असतात, मोमो आदल्या दिवशी खाऊन घ्या. बीरच्या पॅराग्लायडिंगचे दर विचारणाऱ्यांनो, ते पुढच्या व्हिडिओत. आज विचारू नका.