मित्राचं दुखणं

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात ओपीडी संपत आली की एखादा पोरगा दाराशी घुटमळतो. आत येतो, पण बसत नाही. "डॉक्टर, माझ्या एका मित्राला त्रास आहे." हा मित्र बहुतेक वेळा माझ्यासमोरच उभा असतो.

गेल्या पावसाळ्यात आलेला असाच एक. लग्नाला दीड वर्ष. दोन महिने लघवीला जळजळ, चड्डीला पिवळे डाग. आधी मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणल्या, मग एसटी स्टँडच्या भिंतीवरचा नंबर फिरवून साडेचार हजारांचं चूर्ण. सरकारी दवाखान्यात का नाही आलास? "केसपेपर काढताना गावातलं कुणी पाहिलं तर? म्हणतील, ह्याच्यात दम नाही."

मी बायकोबद्दल विचारलं, तेव्हा तो खाली बघायला लागला. तिचंही ओटीपोट दुखत होतं. आणि मूल राहत नाही म्हणून घरात बोलणी तीच खात होती. शरीरसंबंधातून एकमेकांना लागणारा असा संसर्ग अंगावर काढला तर बाईच्या गर्भनलिका खराब होऊ शकतात. वेळेत आलं तर साध्या औषधांनी तो बरा होतो, पण औषध दोघांनी घ्यावं लागतं. एकट्यानं घेतलं तर तो पुन्हा फिरून येतो.

आपल्या भाषेतही बघा, झोपेत वीर्य जाण्याला आपण 'स्वप्नदोष' म्हणतो. त्यात दोष कसला? वयात आलेल्या मुलाचं शरीर नीट चाललंय, एवढाच त्याचा अर्थ. पण 'रक्ताच्या चाळीस थेंबांचा वीर्याचा एक थेंब होतो' ही खोटी समजूत ऐकून वाळत चाललेली पोरं मी पाहिली आहेत. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याला शंभर वर्षं उलटली, तरी ही भीती गेलेली नाही.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरातल्या 35 पुरुषांनी सांगितलं की गर्भनिरोधन ही बायकांची बाब आहे. त्याच पाहणीत नसबंदी झालेल्या बायका शंभरात जवळपास 38, पुरुष एकसुद्धा नाही. बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांची असते, माणूस त्याच दिवशी घरी जातो. ताकद जात नाही, इच्छाही जात नाही. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्य तपासून घ्यायचं.

सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री क्लिनिक' असतं. मुलग्यांनो, ते तुमच्यासाठीही आहे. मित्राचं म्हणून विचारलंत तरी चालेल.